रुमालाखालची कळ

इलाहीनं रुमालाखाली माझी बोटं धरली आणि नेमकी तेव्हाच माझ्या पोटात कळ उठली.

"बोल," इलाही म्हणाला.

मी काय बोलणार? तोंड उघडलं असतं तर हंबरडाच बाहेर पडला असता. अर्थात बाजारात चारी बाजूंनी जनावरं हंबरत होती. त्यात माझा आवाज कुणाला वेगळा कळला असता असंही नाही.

ज्यांनी आमच्या माणदेशातला जनावरांचा बाजार बघितला नाही, त्यांना आधी हा रुमाल सांगायला हवा. आमच्याकडं बैलाचा भाव तोंडानं करत नाहीत. तोंडानं फक्त बैलाची स्तुती किंवा निंदा करायची. भाव करायचा तो खांद्यावरच्या रुमालाखाली, एकमेकांची बोटं धरून. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा धरला की पाच. पंजा सोडून पुन्हा धरला की दहा. बोट पेरातून मुडपलं की अर्धा. कसले एक, कसले पाच, हे कुणी बोलत नाही. बैल बघूनच समजायचं. बघ्यांना काही कळत नाही, त्यांना नुसता हलणारा रुमाल दिसतो. आणि या सगळ्यात एकच नियम. तोंडानं वाटेल ते बोला, आईबापाच्या शपथा घाला, पण रुमालाखाली हातानं जे दिलं ते दिलं. ते फिरवता येत नाही. ज्यानं फिरवलं त्याच्या हातात पुन्हा कुणी हात देत नाही, आणि दलालाच्या हातात हात नसला तर मग त्यानं त्या हातानं नुसत्या माश्या हाकाव्यात.

मी, म्हणजे बिरू लवटे, तेव्हा या धंद्यात मुरलेला दलाल होतो. समोर होता इलाही मुलाणी. माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, सगळ्यात जुना वैरी, आणि हे दोन्ही असल्यामुळं सगळ्यात जुना मित्र. तो विकत होता एक कोसा खिलार बैल. बैल उभा होता असं म्हणणं धाडसाचं होईल. तो लिंबाखाली बसला होता आणि आम्ही आल्यापासून एकदाही उठला नव्हता.

"शांत जनावर हाय," इलाही म्हणाला होता.

"शांत न्हाई, बसका हाय," मी म्हणालो होतो. "त्याला उठवायला दुसरी बैलजोडी लागंल."

इलाहीनं रुमालाखाली पंजा धरला, वर एक बोट. सहा. मी हसलो आणि तीन बोटं दिली. त्यानं पंजा धरला. मी साडेतीन देणार होतो. बैल मला एका गरीब गिऱ्हाइकासाठी हवा होता. त्याला नुसता दारात बांधायला बैल पाहिजे होता, म्हणजे सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांना दिसेल असा. बसलेला चालणार होता.

आणि तेवढ्यात कळ. बेंबीच्या खालून उठली, डावीकडं वळली, आणि कुणीतरी ओला कपडा पिळावा तसं तिनं माझं आतडं पिळलं. माझा हात आपोआप मिटला. इलाहीचा अख्खा पंजा मी असा आवळला की त्याच्या बोटातली अंगठी माझ्या तळव्यात रुतली. कळ जरा ओसरली, मूठ सैल झाली. आणि लगेच दुसरी लाट आली, पहिलीपेक्षा दांडगी. मूठ पुन्हा आवळली गेली.

पंजा, आणि पुन्हा पंजा. दहा.

इलाहीच्या तोंडातलं पान खाली पडलं.

तो माझ्या कानाशी वाकला. "बिऱ्या, म्या सहाच मागितले व्हते रं!"

मला सांगायचं होतं, अरे बाबा, हा भाव नाही, हे माझं पोट आहे. पण त्या क्षणी मला भावाहून मोठी काळजी होती. या आजाराची कळ एकटी येत नाही. मागून तिची धाकटी बहीण येते, आणि ती आली की माणसानं दहा पावलांत आडोसा गाठायचा असतो. त्या बाजारातली प्रत्येक भिंत, प्रत्येक बाभळ, चाऱ्याची प्रत्येक गंज मी नावानिशी ओळखत होतो. बाकीचे दलाल जनावरांची माहिती ठेवत, मी आडोशांची.

"दिलं का?" इलाहीनं नियमाप्रमाणं मोठ्यानं विचारलं.

"दिलं, दिलं, सोड!" मी ओरडलो आणि चावडीच्या मागं पळालो.

परत आलो तेव्हा सौदा झालेला होता आणि बैल माझा होता. भाव कळल्यावर गिऱ्हाईक अर्थातच पळून गेलं होतं. तेही तसंच, म्हणजे आडोसा शोधत असल्यासारखं.

*

बैल घरी आला तो टेंपोतून. चालत यायला तो तयार नव्हता. आमच्या मंडळी, चांगुणाबाई, दारातच उभ्या होत्या.

"ह्यो कोण?" तिनं विचारलं.

"बैल."

"ते दिसतंय. कशापायी आणलाय?"

मी खरं सांगितलं. म्हणालो, "अगं, रुमालाखाली हात होता, पोटात कळ आली, हात मिटला, सौदा झाला."

चांगुणानं माझ्याकडं बघितलं. मग बैलाकडं बघितलं. बैलाच्या तोंडावर जास्त विश्वास बसला असावा.

"पोट बरं झालंय तुमचं," ती म्हणाली. "डाक्टरीणबाईंनी माझ्यादेखत सांगितलंय. आतडं साफ हाय."

इथं पाठीमागची हकिगत सांगायला हवी. त्या वेळी माझं आतडं सुजायला लागून बरीच वर्षं झाली होती. कुणा गोऱ्या साहेबाच्या नावाचा आजार. साहेब गेला, नाव मागं ठेवून गेला, आणि ते नेमकं माझ्या पोटात. रक्त पडायचं, वजन उतरायचं, मी वाळून असा झालो होतो की बाजारात लोक माझेच दात बघायला लागले होते. मग मिरजेला शिरगुप्पे नावाच्या डॉक्टरीणबाई भेटल्या. तरुण पोर, पण हात चांगला. त्यांच्या औषधानं सूज उतरली. त्या बाजाराच्या आधीच्या महिन्यातच त्यांनी दुर्बीण घालून आत सगळं बघितलं होतं आणि आनंदानं सांगितलं होतं, "तात्या, आतडं अगदी स्वच्छ आहे."

चांगुणानं घरी येऊन देवापुढं नारळ फोडला. पोरीला कळवलं. भावाला कळवलं. गल्लीला कळवायची गरज नव्हती, नारळाचा आवाज गेला होता.

आणि दुखणं होतं तसंच होतं.

रोज. सकाळी उठलं की आहेच. जेवल्यावर आहेच. न जेवल्यावरही आहेच. सूज गेली, रक्त थांबलं, वजन भरलं, आणि कळ मात्र भाडेकरूनं घर बळकावावं तशी आत बसून राहिली. आता हे सांगायचं कुणाला? आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे सांगणार कोण? मीच.

मी गोष्टी सांगतो. हे मला आजोबांकडून आलंय. सरळ सांगण्यासारखी गोष्टही माझ्या तोंडातून जाताना फेटा बांधून जाते. आजार नवा होता तेव्हा लोक भेटायला यायचे. काय होतंय, विचारायचे. एकदा म्हणालो, पोटात दुखतंय. पाहुण्यानं मान हलवली आणि पावसापाण्याचं बोलायला लागला. दुसऱ्याला म्हणालो, "पोटात लग्नाचं वऱ्हाड उतरलंय आणि बँडवाल्यांना जेवायला दिलेलं न्हाई." तो खळखळून हसला, दोन माणसं घेऊन पुन्हा आला. मग रोज नवीन. पोटात दोन सासवा एकाच जात्यावर बसल्यात. पोटात कुणीतरी विहिरीचा गाळ काढतंय आणि बादली वर येताना भिंतीला घासतेय. लोक दारातून आत येतानाच विचारायचे, "तात्या, आज पोटात काय चाललंय?" मी वऱ्हाड सांगायचो, ते हसायचे, आणि हसणाऱ्या माणसापुढं कण्हणं शोभत नाही म्हणून मीही हसायचो.

असं करता करता माझं दुखणं गावाच्या करमणुकीचं साधन झालं. त्यात दुर्बिणीनं सांगितलं, साफ आहे. मग गावानं ठरवलं, तात्यांचं आटोपलं, आता नुसत्या गोष्टी उरल्या. चांगुणाही तेच म्हणायला लागली. आणि खरं सांगू? हळूहळू मलाही तसंच वाटायला लागलं. एवढ्या थापा मारल्या, त्यातलीच ही एक असेल. पोटच थापा मारायला शिकलं असेल. शेवटी पोट माझंच.

"मिरजेची तारीख आलीय," त्या दिवशी बैल बांधताना मी म्हणालो.

"न्हाई जायचं आता," चांगुणा म्हणाली. "बऱ्या माणसानं दवाखान्यात जाऊन बसायचं म्हंजी आजाऱ्याची जागा अडवायची. उठा, जरा कामाला लागा. दुखतंय दुखतंय करून माणूस दुखणाईत होतो."

मी बैलापुढं वैरण टाकली. बोललो असतो तर वऱ्हाडच निघालं असतं.

बैलाचं मात्र वेगळं झालं. दुसऱ्या दिवशी शेजारचा भानुदास मोटे येऊन विचारायला लागला, हा बसका बैल एवढ्या भावानं का घेतला? कळ आली म्हणून घेतला, असं म्हणालो. तो म्हणाला, "जावा तात्या, उगंच थापा." मग मी गंभीर तोंड केलं आणि म्हणालो, "कुणाला सांगू नगंस. ह्याचा बाप शर्यतीत असा पळायचा की सावली मागं राहायची, ती दिवस मावळताना एकटीच घरला यायची. आन् ह्यो बसतो ते आळसानं न्हाई. ह्याला खालचं पाणी ऐकू येतं. जिथं पाणी, तिथंच बसतो."

भानुदासचे डोळे मोठे झाले. आमचा दुष्काळी मुलूख. संध्याकाळपर्यंत माझ्या दारात चार माणसं उभी होती: बैल जरा आमच्या रानात न्यायचा होता. नेला. तो सगळीकडं बसला. एकानं तर तिथं पहारही मारली. पाणी लागलं का, हे विचारू नका. लागलं असतं तर ही गोष्ट मी वेगळी सांगितली असती.

पण विचार करा. बैलाला जमिनीखालचं पाणी ऐकू येतं, हे गावाला पटलं. बिरू लवटेच्या पोटात दुखतं, हे नाही. त्या रात्री बैलाशेजारी बसून मी मनाशी ठरवलं की मिरजेला जायचं नाही. गोळ्याही बंद. जे दुखणं नाहीच, त्याला गोळी कशाला?

*

इलाही आला तो आडवारी. बाजार नसताना तो माझ्या दारात कधी येत नसे. ओट्यावर बसला, चहा घेतला, बैलाकडं बघितलंच नाही. चांगुणा चौकटीत उभी राहिली.

"मुलाणीभाऊ," ती म्हणाली, "आमच्या मालकाला चांगलं फसवलंत."

"वहिनी, त्याच्यासाठीच आलोय," इलाही म्हणाला. "मला झोप न्हाई. सहा मागितले, ह्यानं दहा दिले. असा सौदा जगात झाला न्हाई. बरं, फिरवायचा म्हटला तर फिरवता येत न्हाई. पर मला एक कळंना. तो हात सौद्याचा न्हवताच."

"म्हंजी?"

इलाहीनं माझा हात धरला आणि चांगुणाला दाखवायला उचलला, बैलाचा खूर उचलावा तसा. "हा हात तीस वरसं धरतोय मी. माझ्या बायकोचा हात मी येवढा धरला न्हाई. ह्यो लबाड हात हाय, वहिनी, बोट देताना अंगठा बाजूला घेतो, मला म्हाइतीय. त्या दिवशी ह्यो गार पडला व्हता. माझी अंगठी वाकडी झाली, बघा." त्यानं अंगठी दाखवली. खरोखर वाकडी झाली होती. "हात आवळला तो मरतं जनावर अंग आवळतं तसा. तोंडानं मागितलं असतं तर मी म्हटलं असतं, बिऱ्या थाप मारतोय. पर रुमालाखाली कुणी थाप मारतं व्हय?"

चांगुणा इलाहीच्या बोटातली वाकडी अंगठी बराच वेळ बघत राहिली. मग आत गेली आणि आतूनच म्हणाली, "मिरजेची तारीख परवा हाय. तुमी येताल का संगं?"

*

शिरगुप्पे डॉक्टरांच्या खोलीत आम्ही तिघं बसलो. डॉक्टरांनी कागद बघितले, पोट दाबून बघितलं, आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

"तात्या, दुखणं किती आहे? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होणार नाही असं. किती?"

"पंधरा," मी म्हणालो.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "दर वेळी हेच. मागच्या वेळी पंधरा. त्याच्या आधी बारा. एकदा चांगुणाबाई सोबत आत आल्या तेव्हा दोन. मग मी औषध कशावर ठरवू?"

"तुम्ही सांगा की बाई," मी म्हणालो. "तुमचा आकडा काय?"

"माझा आकडा? दुखतंय तुम्हाला!"

आता इथं माझी चूक कुठं होती हे तुम्हाला कळलं असेल, मला तेव्हा कळलं नव्हतं. दलालाला कुणी आकडा विचारला की तो वरचाच सांगणार. समोरचा खाली ओढणार, मग मी जरा उतरणार, आणि मध्ये कुठंतरी खरं जुळणार. मी पंधरा म्हणायचो ते बाई सात म्हणतील या हिशेबानं. बाई काहीच म्हणत नसत. मी दर वेळी वाट बघायचो, मनात म्हणायचो, या बाईला बाजार कळत नाही.

"लिवा बाई कायबी. समदे म्हणत्यात, माझं दुखणं खोटंच हाय," मी म्हणालो.

"कोण म्हणालं तुमचं दुखणं खोटं आहे?" डॉक्टरांनी चांगुणाकडं बघितलं. चांगुणानं मान खाली घातली.

"तुमीच म्हणालात, साफ हाय," मी म्हणालो.

"आतडं स्वच्छ आहे म्हणाले. दुखत नाही, असं मी कुठं म्हणाले? तात्या, सूज एवढी वर्षं होती. चोर निघून गेला तरी गुरखा शिट्टी वाजवत राहतो, तशा पोटातल्या नसा वाजत राहतात कितीतरी जणांच्या. त्यालाही औषध आहे, वेगळं. पण ते किती द्यायचं हे ठरवायला मला किती दुखतंय ते कळलं पाहिजे. तुम्ही मला एकदा सासवा सांगता, एकदा वऱ्हाड."

चांगुणा चमकली. तिला वाटलं होतं वऱ्हाड फक्त गावापुरतंच होतं.

इलाही खाकरला. "बाई, तुमी ह्याच्या तोंडाला इचारताय. ह्याचं तोंड आकडा सांगायला न्हाई, वाढवायला हाय. आमच्यात आकडा तोंडानं इचारतच न्हाईत." आणि त्यानं रुमालाची रीत सांगितली. एक बोट, पंजा, पेर.

मला वाटलं डॉक्टरीण हसेल. ती हसली नाही. खुर्ची पुढं ओढून म्हणाली, "मग विचारा ना. मला काय, आकडा मिळाल्याशी कारण."

इलाहीनं खांद्यावरचा रुमाल काढला. मी हात पुढं केला. त्या खोलीत पंख्याचा आवाज येत होता, बाहेर कुणीतरी नंबर पुकारत होतं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा रुमालाखाली हात घालताना घाबरलो होतो. बैलाचा भाव चुकला तर बैल येतो. इथं काय येणार होतं?

इलाहीनं बोटं धरली नाहीत. नुसता हात उघडा ठेवला. मी सवयीनं पंजा धरला, सोडला, पुन्हा धरायला गेलो. दहा. त्यानं हात मागं घेतला. पुन्हा उघडा ठेवला. डोळे माझ्याकडं. अंगठा बाजूला गेलाय, असं ते डोळे म्हणत होते.

मी थांबलो. पोटाकडं लक्ष दिलं. कधी दिलं नव्हतं असं. नेहमी मी त्याच्याकडून गोष्टच मागायचो. आता नुसतं बघितलं, कुठं आहे, किती आहे. बेंबीच्या खाली, डावीकडं. होतं. वऱ्हाड नव्हतं, सासवा नव्हत्या. नुसतं दुखत होतं.

मी पंजा धरला. मग एक बोट. मग दुसरं बोट धरलं आणि ते पेरातून मुडपलं.

"साडेसहा," इलाही म्हणाला.

डॉक्टर म्हणाल्या, "खोटं बोलणारा साडेसहा म्हणत नाही." आणि कागदावर लिहिलं.

"रोज का?" त्यांनी विचारलं. मी इलाहीचा हात दाबला. "रोज," इलाही म्हणाला.

"किती वर्षांपासून?"

इलाही उत्तराची वाट बघत होता. मी हातच काढून घेतला. ते बोटांत बसणारं नव्हतं.

चांगुणा मान वळवून खिडकीकडं बघत होती. पदराचं टोक तिनं तोंडात धरलं होतं.

"शून्य होईल असं मी म्हणत नाही," डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाल्या. "थोडंसं राहील. गोळी रात्री एक, अगदी बारीक. एक श्वासाचा व्यायाम शिकवतील शेजारच्या खोलीत. साडेतीनपर्यंत आणून देईन."

"तीन," मी म्हणालो.

"साडेतीन, तात्या."

"बाई, तीन करा. मी जुनं गिऱ्हाईक हाय."

"साडेतीन," त्या म्हणाल्या, "आणि गोळ्या बंद केल्या तर सौदा रद्द." त्यांना बाजार कळत होता. मीच उशिरा पोचलो होतो.

*

इलाही मिरजेतच भाचीकडं राहिला. परतीच्या एसटीत मी आणि चांगुणा शेजारी बसलो. गाडी भरलेली. पुढच्या बाकावर आमच्याच गावचा भानुदास मोटे होता, मिरजेला कुणाला तरी भेटून परत निघालेला.

चांगुणा म्हणाली, "मला का न्हाई सांगितलं?"

"रोज सांगत हुतो की."

"सांगत न्हवता. हसवत हुता." ती खिडकीबाहेर बघत होती. "म्या बी हसले. सासवांची गोष्ट तर मीच माहेरी सांगितली."

मी काही तरी बोलायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात पोट पिळलं. गाडी एका खड्ड्यातून गेली, आणि कळ वर चढली. मागून धाकटी बहीण.

"काय झालं?" चांगुणानं विचारलं.

"अगं, एक हत्ती..."

"हत्ती न्हाई," ती म्हणाली. "बैल न्हाई, सासू न्हाई. नीट सांगा."

माणूस आयुष्यभर शब्द जमवतो आणि वेळेला एकही कामाला येत नाही.

"दुखतंय," मी म्हणालो. "लई दुखतंय. आन् उतराय लागंल."

गाडीत असं काही झालं की चांगुणा नेहमी पदर कपाळावर ओढून दुसरीकडं बघायची. हा माणूस माझा कुणी नाही, मी फक्त शेजारी बसलेय, अशा बेतानं. मी तिला दोष देत नाही. मीही कितीदा तसंच केलंय, स्वतःच्याच बाबतीत. आता ती उठली. पदर खांद्यावर घट्ट खोचला आणि हलत्या गाडीत दांडी धरून उभी राहिली.

"ओ कंडक्टर! गाडी थांबवा!"

"काय झालं, मावशी?" कंडक्टर तिकडून म्हणाला. "स्टँड आलंच की आता."

"स्टँड न्हाई. हितं."

"हितं काय हाय? माळ हाय नुसता."

"मालकांचं पोट दुखतंय," चांगुणा म्हणाली. अख्ख्या गाडीला ऐकू जाईल एवढ्यानं.

भानुदास मागं वळला आणि हसला. "आवो वहिनी, बिरूतात्यांचं काय ऐकता! त्यांच्या पोटात वऱ्हाड आलं असंल." आजूबाजूची चारदोन माणसं हसली. मीही सवयीनं हसायला तोंड उघडलं.

"भानुदास, तोंड सांभाळ," चांगुणा म्हणाली. "म्या सांगते. दुखतंय."

गाडी थांबली. मी उतरलो. माळावर आडोसा कसला? एक बांध आणि त्यावर एक वाळकी काटेरी सराटी. त्याच्याआड मी बसलो, एका दलालाला शोभेल अशा थाटात, आणि गाडीतले सगळे खिडक्यांतून मुद्दाम पलीकडं बघत होते.

कंडक्टरचा आवाज आला, "मावशी, किती वेळ लागंल वो? टायमिंग असतं आमचं."

"लागंल तेवढा," चांगुणा म्हणाली. "बसा गप."

थोडा वेळ इंजिन घरघरत राहिलं. मग ड्रायव्हरनं गाडी बंद केली.